सीसीच्या आकड्यामागे काय दडले आहे?

इंजिनचा आकार म्हणजे त्याची लांबी-रुंदी नव्हे, तर सर्व पिस्टन, म्हणजे सिलिंडर या नळकांड्यांत पुढे-मागे सरकणारे दट्टे, एका धावेत जेवढी जागा व्यापतात तिचे एकूण घनफळ. ते सीसीत, म्हणजे घन सेंटीमीटरमध्ये, मोजतात; हजार सीसी म्हणजे एक लिटर. हवा किती आत येते यावर इंधन किती जाळता येईल हे ठरते, म्हणून सुरुवातीच्या काळात ताकद वाढवण्याचा सरळ मार्ग म्हणजे इंजिन मोठे करणे हाच होता. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीचे ९५४ सीसीचे इंजिन पुरती एक अश्वशक्तीही देत नव्हते. त्यानंतर पंचवीसेक वर्षांत फियाटने वेगाच्या विक्रमासाठी बांधलेल्या एस ७६ गाडीत २८ लिटरहून मोठे इंजिन बसवले.

आकाराला पहिला लगाम घातला तो मात्र करवसुलीने. ब्रिटनमध्ये १९१० पासून कर मोजताना सिलिंडरची संख्या आणि व्यास एवढेच पाहिले जाई, पिस्टनच्या धावेची लांबी हिशेबात नसे. साहजिकच अरुंद सिलिंडरांची, लांब धावेची आणि वेगाने फिरण्यास नाखूश अशी इंजिने तेथे दीर्घकाळ बनत राहिली. जपानने छोट्या गाड्यांसाठी थेट घनफळाचीच मर्यादा घातली, जी ३६० सीसीवरून १९७६ मध्ये ५५० आणि १९९० मध्ये ६६० सीसी झाली.

इंधनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. पेट्रोल इंजिनची ताकद थ्रॉटल या झडपेने हवेची वाट अडवून कमी केली जाते, त्यामुळे मोठे इंजिन सावकाश चालवताना अडलेली हवा ओढण्यात आणि घर्षणात बरीच ऊर्जा वाया जाते. छोटे इंजिन तेच काम थ्रॉटल अधिक उघडून, म्हणजे कमी नुकसानीत, करते. नुसता आकार किती फसवा असतो हे १९७६ च्या कॅडिलॅक एल्डोराडोवरून दिसते, कारण प्रदूषणाचे नियम पाळताना तिच्या ८.२ लिटरच्या इंजिनाची ताकद अवघी १९० अश्वशक्ती उरली होती.

एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या, वायूंवर चालून सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरची कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच पेटंट केली होती; पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि सिलिंडरमध्ये थेट इंधनफवारणी यांची जोड मिळाल्यावर, २०१२ मध्ये फोर्डच्या ९९९ सीसी इंजिनने सुमारे १२५ अश्वशक्ती दिली. अर्थात दाबून भरलेल्या हवेबरोबर इंधनही वाढतेच. भरधाव वेगात किंवा भार ओढताना, भाग थंड ठेवण्यासाठी जादा पेट्रोल सोडावे लागले, तर असे छोटे इंजिन मोठ्याइतकेच, प्रसंगी त्याहून अधिकही, इंधन पिते.