वजन-नियंत्रणासाठी आहाराच्या सवयी

वजन आटोक्यात ठेवण्यासाठी जेवणाचे प्रमाण, वेळ, वाढण्याची पद्धत आणि मधल्या वेळचे खाणे यांत केलेला, वर्षानुवर्षे टिकणारा बदल. ठरावीक मुदतीचे ‘डाएट’ वेगळे. त्याची मुदत संपली की माणूस जुन्या ताटाकडे वळतो आणि उतरलेले वजन बहुधा पुन्हा चढते. सवय मात्र घराच्या किराण्यात, भांड्यांत आणि स्वयंपाकाच्या वेळांत मुरलेली असते. त्यामुळे घरातल्या एकासाठी वेगळे शिजवायचे बेत फार दिवस चालत नाहीत. बदल सगळ्या घराच्या स्वयंपाकात व्हावा लागतो.

भारतीयांच्या बाबतीत नुसता वजनकाटा पुरेसे सांगत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय किरकोळ आणि पोट सुटलेले ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे, आणि पोटाभोवतीची चरबी मधुमेहाला जवळची. म्हणून भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ झाला की जादा वजन आणि २५ झाला की लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. घरात शिवणाची टेप असली तरी हे मोजता येते.

ताटाची मांडणी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार (२०२५) भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. मराठी डबा उघडला की हे दिसते: चार पोळ्या, कोपऱ्यात बटाट्याची सुकी भाजी, वर थोडा भात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तृणधान्यांचा वाटा एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगितले आहे. ताटात याचा अर्थ असा, की एकदोन पोळ्या कमी करून त्या जागी मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडे किंवा मासळी आणि भरपूर पालेभाजी घ्यायची. पोळी नुसतीच कमी केली तर चार वाजता भूक लागते आणि फरसाणाचा डबा उघडला जातो. प्रथिने आणि चोथा वाढवल्यावर पोट भरलेले राहते, हा या बदलाचा गाभा आहे. काकडी-गाजराची कोशिंबीर आणि भाजी आधी, पोळी-भात नंतर, हा साधा क्रमही उपयोगी पडतो.

भाकरीने वजन उतरते हा समज मात्र तपासून घ्यावा. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातील उष्मांकांत फारसा फरक नाही. भाकरीला तेल लागत नाही आणि ती सावकाश चावावी लागते, हा तिचा फायदा. पण एक जाड भाकरी सहज दोन पोळ्यांच्या तोडीची असते.

न दिसणारे खाणे. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३३ मिलिलिटर पडते, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास उष्मांक. आहारतज्ज्ञ सहसा माणशी महिना अर्धा लिटर सुचवतात. हे साधायचे तर फोडणीला बाटली वाकडी न करता चमच्याने तेल मोजावे आणि महिन्याची खरेदीच कमी करावी. चहाचेही तसेच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे तीस ते चाळीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते.

सर्वांत दुर्लक्षित खाणे बाईचे. सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, तळाशी राहिलेली भाजी ती ओट्यापाशी उभ्यानेच संपवते, कारण अन्न टाकवत नाही. हे कुणाच्याच हिशेबात येत नाही. मोजून शिजवणे, उरलेले लगेच डब्यात घालून ठेवणे आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवणे हा यावरचा खरा उपाय, आणि तो एकट्या बाईने करायचा नाही.

उपवास. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि तूप पडले की खिचडीची बशी नेहमीच्या जेवणापेक्षा जड होते. वरीचे तांदूळ, ताक, काकडी आणि फळे असा उपवास शरीराला हलका पडतो.

दोन वेळांचे जेवण. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवली. मधले खाणे थांबल्याने अनेकांना ती मानवते. थोड्या थोड्या वेळाने खावे असे मानणारे आहारतज्ज्ञही आहेत. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर व स्तनदा माता आणि वाढत्या वयाची मुले यांच्यासाठीही जेवणे गाळणे योग्य नाही.

सवय लागण्याचा काळ. एकवीस दिवसांत सवय लागते ही समजूत प्रचलित आहे. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात (२०१०) मात्र नवी कृती अंगवळणी पडायला मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला. व्यक्तींनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत जिलबी जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नये, नेहमीचे जेवण घ्यावे.

काटा हलला नाही म्हणून सवयी सोडून देणाऱ्यांसाठी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा अभ्यास (२००६) महत्त्वाचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना आहार व व्यायामाच्या सवयी लावल्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी राहिले, आणि तेही त्यांचे वजन फारसे उतरलेले नसताना.