फाइल पाठवण्याआधी सॅम्पलिंग रेट लिहा
(मोटर, पंप, ब्लोअरच्या व्हायब्रेशनचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती थरथर आहे त्याचा ग्राफ, आमच्याकडून काढून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"फाइल पाठवली आहे, स्पेक्ट्रम कधी मिळेल?" असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, सॅम्पलिंग रेट किती होता? बरेचदा उत्तर येतं, "ऑपरेटरला विचारून सांगतो." ऑपरेटर नेमका रात्रपाळीला असतो आणि तुमचं काम आमच्या टेबलावर अडून राहतं.

फाइलमध्ये एकाखाली एक नुसते आकडे असतात. सेकंदाला किती नोंदी घेतल्या हे सांगितल्याशिवाय ऑक्टेव्ह, सायलॅब, मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरपैकी कशातही आडव्या अक्षावर खरे हर्ट्झ येत नाहीत. चुकीचा रेट टाकला तरी ग्राफ छान, स्वच्छ निघतो, म्हणून चूक लक्षात येत नाही.

एका ग्राहकाने ब्लोअरचा ग्राफ स्वतःच काढला होता. मोटर १४८० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला २४.७ फेऱ्या, म्हणून शिखर २४.७ हर्ट्झच्या आसपास हवं. नव्या लॉगरचा (नोंदी साठवणाऱ्या यंत्राचा) रेट होता २५६०, त्यांनी जुन्याचा १००० धरला. शिखर सरकून ९.६ हर्ट्झवर गेलं. मोटरच्या फेऱ्यांहून कमी, म्हणजे बेल्टच असणार, असं समजून त्यांनी बेल्ट बदलले. थरथर तशीच. आम्ही तीच फाइल योग्य रेटने लावली, तेव्हा दोष मोटरच्या पुलीत निघाला.

म्हणून आम्ही अंदाजाने रेट धरत नाही. यात एखादा दिवस जास्त जातो, ग्राहक कधी वैतागतातही, पण चुकीच्या ग्राफवर मशीन उघडायला लावणं आम्हाला पटत नाही.

दुसरी गोष्ट रेकॉर्डिंगच्या वेळेची. एका सेकंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये एक हर्ट्झपेक्षा जवळची शिखरं वेगळी दिसत नाहीत, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच अंतर लागतं. २९६० आरपीएमच्या मोटरची दुप्पट फ्रिक्वेन्सी ९८.७ हर्ट्झ आणि विजेच्या ५० हर्ट्झची दुप्पट १०० हर्ट्झ. एक अलाइनमेंटकडे बोट दाखवते, दुसरी वाइंडिंग किंवा एअर गॅपकडे (रोटर आणि स्टेटरमधल्या फटीकडे). एका सेकंदात दोन्ही एकमेकांत मिसळतात. मशीन एका वेगावर स्थिर असताना किमान १० सेकंद घ्या.

फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. एक्सेल १०,४८,५७६ ओळींवर थांबतं, पुढचा डेटा गळून जातो. लॉगरमधून निघाली तशीच पाठवा. मोबाइलच्या ॲपमधलं रेकॉर्डिंग असेल तर वेळेचा रकाना हवाच, कारण फोनच्या नोंदी समान अंतराने पडतीलच असं नाही.

ग्राफ स्वतः काढायचा असेल तर जरूर काढा. ऑक्टेव्ह आणि सायलॅब दोन्ही मोफत आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सायलॅबचे धडे मराठीतही मिळतात. आधी सरासरी वजा करा, नाहीतर शून्यावरचं शिखर बाकी सगळं झाकून टाकतं. एफएफटीचा (नोंदींवरून स्पेक्ट्रम काढणाऱ्या गणिताचा) पहिला आकडा शून्य हर्ट्झचा असतो, एकचा नव्हे. रेटच्या निम्म्यापर्यंतचाच भाग बघा, पुढचा त्याचंच आरशातलं प्रतिबिंब आहे.

आम्ही स्पेक्ट्रमबरोबर वेळेचा ग्राफही देतो. बेअरिंगचा ठोका आणि सेन्सरची छाटली गेलेली टोकं त्यातच दिसतात. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फाइलच्या नावातच रेट, आरपीएम आणि सेन्सर कुठे लावला ते लिहा. लॉगर नसेल तर आमचा माणूस येऊन रेकॉर्डिंग करून जाईल. आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे मशीन लोडवर असतानाची वेळ ठरवता येईल.