दिवेलागणीची बाग

नाशिकमध्ये बंगल्याभोवती किंवा गच्चीवर बाग करताना बहुतेक जण रोपवाटिकेत भर उन्हात खुलून दिसलेली झाडे घरी आणतात. परंतु सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून कामावरून परतणाऱ्या माणसाला आपली बाग निवांत पाहायला मिळते ती दिवेलागणीला, आणि त्या वेळी रंगांचे गणित पार बदललेले असते.

हा बदल घडतो तो आपल्या डोळ्यांत. भरपूर उजेडात दृष्टिपटलावरील, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावरील, शंकुपेशी काम करतात आणि त्यांचा प्रतिसाद सुमारे 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक असतो. उजेड मंदावला की त्याच पडद्यावरील दंडपेशींचा वाटा वाढतो. त्यांची संवेदनशीलता सुमारे 507 नॅनोमीटरला, म्हणजे निळसर-हिरव्या प्रकाशाला, सर्वाधिक असते आणि गडद तांबडा प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. झेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये (1787–1869) यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. दुपारी पानांतून उठून दिसणारे लाल जास्वंद सूर्य मावळल्यावर काळपट होत जाते आणि थोड्याच वेळात भोवतालची हिरवी पाने त्या फुलापेक्षा उजळ भासू लागतात. मोगलकाळात गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, म्हणवलेल्या नाशिकमध्ये लाल गुलाब लावू नका असे कोणी म्हणणार नाही. तो सकाळी चहा घेताना दिसेल अशा जागी लावावा, एवढेच.

संध्याकाळी जिथे नजर जाते, तिथे पांढरी फुले हवीत. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात सोनटक्का, पावसाळा सरताना प्राजक्त आणि थंडीत कुंद अशी योजना केली, तर वर्षाचा फार थोडा काळ रिकामा जातो. कुंपणावर मधुमालती अवश्य चढवावी. तिची कळी संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही छटा दिसतात. त्यांतली ताजी पांढरी फुले अंधारातही ठळक राहतात आणि लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना बोलावतात.

लागवडीची मांडणीही डोळ्याच्या रचनेवरून ठरवता येते. अनेक दंडपेशींचे संदेश एकाच चेतापेशीकडे एकवटत असल्यामुळे मंद उजेडात बारीक तपशील दिसत नाही. म्हणून वाफाभर विखुरलेल्या एकेकट्या रोपांपेक्षा एकाच जातीची पाच-सात रोपे जवळजवळ लावल्यास त्यांचा पांढरा पुंजका लांबूनही नजरेत भरतो. त्याच्यामागे गर्द पानांची कामिनी असावी. पानांवर दाट पांढरी लव असलेले डस्टी मिलर नाशिकच्या थंडीत चांगले येते आणि फुलांवाचूनही उजळ दिसते, कारण ती लव प्रकाश विखुरते.

येथील काळी माती पाणी धरून ठेवते. सोनटक्क्याला ते मानवते, मोगऱ्याला मात्र नाही. त्याच्या खड्ड्यात शेणखताबरोबर जाडी वाळू मिसळावी. शेवंती लावायची असेल, तर ती रस्त्यावरच्या दिव्यापासून दूर ठेवावी. तिला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते आणि दिव्याच्या झोताखाली तिला बहर उशिरा येतो.