‘इनॉक्युलेट’मधला डोळा

लसीकरणाच्या फलकांवर, शाळांच्या सूचनापत्रांत, इतकंच काय पण पदवीच्या उत्तरपत्रिकांतही इंग्रजी ‘इनॉक्युलेशन’ हा शब्द हमखास दोन ‘एन’ घालून लिहिलेला दिसतो. ‘इनोसंट’ म्हणजे निष्पाप, ‘इनॉक्युअस’ म्हणजे निरुपद्रवी, आणि लस तर रोगाचा उपद्रवच घालवते. तेव्हा ही सगळी एकाच कुळातली मंडळी असणार, असा समज त्यामागे असतो. पण त्या दोन शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधला ‘इजा करणे’ हा धातू आहे. ‘इनॉक्युलेट’च्या मुळाशी आहे ‘ऑक्युलस’, म्हणजे डोळा.

लशीचा डोळ्याशी काय संबंध, हे लंडनच्या माणसाला बसवून समजावावं लागेल, वरूड-मोर्शीच्या माणसाला नाही. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या, म्हणजे एका आंबट लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंटाच्या सालीवर इंग्रजी ‘टी’सारखा काप घ्यायचा, डोळकाडीवरून सालीच्या ढलपीसकट एक डोळा उचलायचा, कापात सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचा. साल आणि लाकूड यांच्यामधला वाढणारा पातळ थर एकमेकांना भिडला की डोळा जीव धरतो. रोमन बागाईतदारही कोंबाला डोळाच म्हणत आणि या कामाला ‘इनॉक्युलारे’ म्हणत. पंधराव्या शतकात शब्द इंग्रजीत आला आणि पुढची अडीचशेहून जास्त वर्षं बागेतच राहिला. शेक्सपिअरचा हॅम्लेट ऑफिलियाला सुनावतो की जुन्या खुंटावर सद्गुणाचा डोळा भरला तरी मूळची चव काही जात नाही. तिथं क्रियापद हेच आहे.

१७१४ साली शब्द बागेतून उठून रोग्याच्या खाटेपाशी आला. कॉन्स्टँटिनोपलचे वैद्य इमॅन्युएल टिमोनी यांचं एक पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत काप घेऊन घालायचा, म्हणजे त्याला सौम्य देवी येतात आणि पुन्हा कधी येत नाहीत, अशी तिथली रीत त्यांनी वर्णन केली होती. काप घेऊन परका अंश आत बसवायचा, म्हणून तिला त्यांनी ‘इनॉक्युलेशन’ म्हटलं. तीन वर्षांनी तिथल्या इंग्रज राजदूताच्या पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी तुर्कस्तानातून याच प्रकाराबद्दल लिहिलं. म्हाताऱ्या बाया फळाच्या टणक कवचात पू घेऊन येतात, ‘कुठली शीर उघडू?’ म्हणून विचारतात आणि सुईच्या टोकावर मावेल तेवढा आत सोडतात. त्यांनी शब्द वापरला तो कलम करण्याचा, म्हणजे तोही बागेतलाच.

पू तोच, विषाणू तोच, तरी फरक केवढा पडायचा! बॉस्टनच्या १७२१च्या साथीत देवी आलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के माणसं दगावली, टोचून घेतलेल्यांपैकी दोन-अडीच टक्के. हे कसं? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडणारा भाग हाच.

देवीचा विषाणू एरवी श्वासावाटे शिरतो. श्वसनमार्गाच्या अस्तरात गाजावाजा न करता रुजतो, जवळच्या लसिकाग्रंथींत पोचतो आणि तिथून थोडासा रक्तात उतरतो. ही पहिली खेप. मग प्लीहा, अस्थिमज्जा अशा ठिकाणी तो बेसुमार वाढतो आणि रक्तात त्याचा दुसरा, मोठा लोट येतो. त्याच्याबरोबर ताप चढतो, दोन-तीन दिवसांनी फोड. लागण झाल्यापासून तापापर्यंत साधारण बारा दिवस जातात आणि तोवर माणूस हिंडता-फिरता असतो. कातडीतून आत घातलेल्या विषाणूला ही चोरवाट मिळत नाही. कातडीच्या वरच्या थरात लँगरहान्स नावाच्या पहारेकरी पेशींचं जाळं पसरलेलं असतं. त्या विषाणूचे प्रथिन-तुकडे घेऊन लसिकाग्रंथीकडे जातात आणि तिथल्या टी-पेशींपुढे, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशींपुढे, ते मांडतात. नेमका तो तुकडा ओळखणाऱ्या मोजक्या टी-पेशी मग दुपटी-दुपटीनं वाढू लागतात, बी-पेशींना चेतवतात आणि विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रतिपिंडं बनायला लागतात. इकडे तीन-चार दिवसांत टोचल्या जागी फोड उठतो, म्हणजे विषाणू अजून तिथंच बराचसा अडकून वाढत असतो. त्यामुळे रक्तातला दुसरा लोट येतो तेव्हा शरीर निम्मं सज्ज असतं. मात्राही थोडी असते, हे वेगळंच.

यात मोठी मेख अशी की टोचलेल्या माणसाला आलेल्या देवी खऱ्या असत. त्याच्यापासून शेजाऱ्याला लागण झाली तर ती पूर्ण ताकदीची. म्हणून एडवर्ड जेनर यांनी १७९६ साली माणसाच्या देवीऐवजी गायीच्या देवीचा स्राव टोचला. ‘व्हॅका’ म्हणजे गाय, त्यावरून १८००मध्ये ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द निघाला. मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लस टोचली गेली. भारतातली ही पहिली. आपल्याकडे रोगालाच देवी म्हणत असल्यामुळे लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ हेच नाव पडलं. इंग्लंडनं १८४०मध्ये कायद्यानं जुनं इनॉक्युलेशन बंद केलं.

जाता जाता एक. गायीच्या देवीची लस धन्वंतरीच्या ग्रंथात होती, असं सांगणारा श्लोक अधूनमधून मोबाइलवर फिरतो. तो १८१९मध्ये मद्रासच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रातून पसरला आणि कुठल्याही जुन्या पोथीत त्याला आधार नाही. माणसाच्या देवीचा पू टोचण्याची रीत मात्र बंगालमध्ये खरोखर होती. ईस्ट इंडिया कंपनीत शल्यवैद्य असलेल्या जे. झेड. हॉलवेल यांनी १७६७ साली तिचं तपशीलवार वर्णन लंडनच्या वैद्यांपुढे ठेवलं. खरी गोष्ट हाताशी असताना लोक खोटीच का मिरवतात, कोण जाणे.

१८८१मध्ये लुई पाश्चर यांनी जेनर यांच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सिन’ हा शब्द सगळ्याच रोगांच्या लशींना लावावा असं सुचवलं, आणि गाय त्या शब्दातून निघून गेली. तरी ‘इनॉक्युलेशन’ लगेच मेलं नाही. जिवाणुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७मध्ये भायखळ्याला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तेव्हा सरकारी कागदांत इनॉक्युलेशनच म्हणत.

आज डॉक्टर हा शब्द फारसा वापरत नाहीत, पण सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो रोज ऐकू येतो. तारेचं वेढं ज्योतीत लाल करायचं, निवू द्यायचं, जिवाणूंच्या वसाहतीला टेकवायचं आणि अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या थलथलीत थरावर, रेघा ओढायच्या, की झालं इनॉक्युलेशन. जो अंश टोचायचा तो ‘इनॉक्युलम’, दह्याच्या बाबतीत विरजण. १९६०च्या दशकात विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञानं हा शब्द मनालाही लावला: खोट्या युक्तिवादाचा सौम्य डोस आधीच दिला तर माणूस पुढच्या प्रचाराला सहज बळी पडत नाही.

शेतीतही तो आहे. सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी रायझोबियम चोळतात, त्याला इंग्रजीत ‘सीड इनॉक्युलेशन’ म्हणतात. हे जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. साधारण दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळायचं आणि बी सावलीत सुकवायचं. उन्हात पसरलं की जिवाणू मरतात. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी. आणि पाकिटावरची मुदत बघूनच घ्यायचं, कारण टळलेल्या मुदतीची पाकिटंही दुकानात बिनदिक्कत विकली जातात.