एचआयव्ही तपासणी ते एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) नोंदणी: नागपूर जिल्ह्यात कुठे जावे, काय न्यावे

रामटेक, काटोल, उमरेडकडच्या माणसाला एचआयव्हीच्या पहिल्या तपासणीसाठी नागपूर गाठायची गरज नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, शहरात असाल तर नागरी आरोग्य केंद्रात, मोफत होते. किट संपलेले असू शकते, म्हणून आशाताईंकडून आधी विचारून घ्या. पात्रतेची अट कोणतीच नाही. गरोदर बाईची तपासणी नोंदणीच्या पहिल्या भेटीतच व्हायला हवी. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णालाही ती सुचवली जाते.

तपासणीआधी समुपदेशन आणि संमती आवश्यक आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (लागू १० सप्टेंबर २०१८) संमतीशिवाय तपासणी आणि परवानगीशिवाय निकाल उघड करणे या दोन्हींना मनाई केली आहे. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची संमती लागते.

निकाल ‘रिअॅक्टिव्ह’ (संसर्गाचा संशय दाखवणारा) आला तर

हे अंतिम निदान नव्हे. आरोग्य केंद्रात एकाच किटवर प्राथमिक चाचणी होते. पक्के निदान आयसीटीसीत (एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात), तीन वेगवेगळ्या किटवर होते. रुग्ण सर्वाधिक गळतात ते याच टप्प्यावर. आयसीटीसीत जाण्याची चिठ्ठी हातात पडते, मनात भीती असते आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडवायची नसते. म्हणून नुसती चिठ्ठी घेऊन घरी जाऊ नका. कोणत्या आयसीटीसीत, कोणत्या दिवशी जायचे ते लिहून घ्या आणि तिथल्या समुपदेशकाला केंद्रातूनच फोन करायला सांगा. कर्मचाऱ्यांनीही हा फोन टाळू नये, कारण रुग्ण पोहोचला की नाही हे त्याशिवाय कळत नाही.

निगेटिव्ह निकाल आला, पण संसर्गाची शक्यता अलीकडची असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

एआरटी नोंदणी

नागपूर शहरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत एआरटी केंद्र आहे. सोबत आयसीटीसीचा अहवाल (त्यावरचा पीआयडी म्हणजे रुग्णओळख क्रमांक नीट वाचता यावा), फोटो, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा आणि जुने उपचारांचे कागद न्या. पत्त्याचा पुरावा नसेल तरी जा आणि समुपदेशकाला तसे सांगा. कागदापायी उपचार अडता कामा नयेत.

सीडी४ (रक्तातील प्रतिकारपेशींची संख्या), हिमोग्लोबिन, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि क्षयरोगाची विचारपूस होते. २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी उपचार सुरू करतात. बहुतेक प्रौढांना रोज एक गोळी असते: टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम.

गोळ्या इतर आजारांच्या औषधांशी अडतात तेव्हा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एआरटीची माहिती असणे मोलाचे ठरते. अँटासिडमुळे डोलुटेग्राविर नीट शोषले जात नाही, त्यामुळे ही गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू आहे, मात्र जेवणासोबत घेतल्या तर त्या एआरटीबरोबरच चालतात. गरोदर बाईला हे एएनएमने (आरोग्य सेविकेने) आवर्जून सांगावे. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राविर ५० ची जादा गोळी रोजच्या गोळीनंतर बारा तासांनी लागते. क्षयरोगाचे औषध गावात आणि एआरटी नागपुरात असले की नेमकी हीच गोळी राहून जाते. म्हणून दोन्हीकडची पुस्तिका दोन्हीकडे दाखवा.

तब्येत स्थिर झाली की घराजवळच्या लिंक एआरटी केंद्रातून औषध मिळण्याची सोय मागता येते. व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) तपासणी सहाव्या व बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी होते. कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार असाल तर ट्रान्सफरचे पत्र आधी घ्या. शंका असल्यास १०९७ वर मोफत फोन करता येतो.