ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला?

डिसेंबरात एका मित्राचा फोन आला. पुण्यात त्याच्या बंगल्यापुढच्या हौदात आठ कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे होते, पंधरा दिवसांपूर्वी त्याने नववा आणून सोडला. चार-पाच दिवसांनी नव्या माशाच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि तो हौदाच्या भिंतीला अंग घासू लागला. मित्राने दोन मुठी मीठ टाकलं. दोन-तीन दिवसांत ठिपके गायब! मिठाचा गुण आला म्हणून घरात आनंद. मला फोन आला तो त्यानंतर आठवड्याने, नऊच्या नऊ मासे ठिपक्यांनी भरल्यावर.

पहिले ठिपके मिठाने गेले नव्हते. ते आपल्या वेळेला जाणारच होते, आणि तेच नीट समजून घ्यायला हवं.

हे ठिपके पाडणाऱ्या जीवाचं नाव इक्थियोफ्थिरिअस मल्टिफिलिस. फूके या फ्रेंच संशोधकाने 1876 साली त्याचं वर्णन केलं. नावाचा अर्थ ‘माशाची लेकुरवाळी ऊ’. ऊ हे चुकीचं, कारण हा कीटक नाही; शाळेच्या पुस्तकातल्या पॅरामेशियमचा हा भाऊबंद, अंगभर केसांसारख्या पक्ष्माभिका असलेला एकपेशीय जीव. लेकुरवाळी मात्र शंभर टक्के खरं. मासे पाळणारे याला ‘इक’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पाण्यात पोहणारं इकचं पिल्लू मिलिमीटरच्या वीस-तिसाव्या भागाएवढं असतं. त्याला थेराँट म्हणतात. आपल्या कातडीवर मृत पेशींचा कोरडा थर असतो, माशाच्या कातडीवर तो नसतो. तिथे जिवंत पेशी थेट पाण्याला भिडलेल्या असतात आणि वर फक्त बुळबुळीत श्लेष्माचं आवरण. थेराँट आपल्या टोकदार पुढच्या भागाने हे आवरण भेदतो आणि काही मिनिटांत बाह्यत्वचेत शिरतो. आता त्याचं नाव ट्रोफाँट. तो आत गोल गोल फिरत पेशी आणि द्रव खात राहतो, आणि वाढता वाढता एक मिलिमीटरपर्यंत पोचतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे हा ट्रोफाँट आणि त्याच्यावर उचलली गेलेली माशाची कातडी. म्हणजे मासा स्वतःच त्याला पांघरूण घालतो! पाण्यातलं औषध त्या पांघरुणाखाली पोचत नाही.

पोट भरलं की ट्रोफाँट कातडी फोडून बाहेर पडतो. ठिपका नाहीसा होतो तो याच क्षणी. तो काही तास तरंगतो, मग दगडाला, वनस्पतीला, हौदाच्या तळाला चिकटतो आणि भोवती जिलेटिनसारखं कवच तयार करतो. हा टोमाँट. कवचाच्या आत विभाजन सुरू होतं: एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. आठ वेळा विभाजन झालं तर 256, दहा वेळा झालं तर 1024. पंचवीस अंशांच्या पाण्यात हे काम साधारण एका दिवसात उरकतं. कवच फुटतं आणि शेकडो थेराँट मासा शोधायला निघतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर बहुतेक मरतात.

कातडीखाली असताना इकला औषध लागू पडत नाही, कवचात असतानाही जवळपास पडत नाही. औषधाला सापडतो तो फक्त उघड्यावर पोहणारा थेराँट. म्हणून एकदा टाकलेलं औषध कितीही जालीम असलं तरी त्या दिवशी पोहत असलेले तेवढे मरतात. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सुरक्षित असतात. ‘एका डोसात सर्व रोग साफ’ असं लिहिलेली बाटली दिसली की हे चक्र आठवावं.

चक्राचं घड्याळ पाण्याच्या तापमानावर चालतं. चोवीस ते सव्वीस अंशांना अख्खी फेरी तीन ते सहा दिवसांत पूर्ण होते, दहा अंशांना महिन्याहून जास्त लागतो. कोईचं मूळ गाव जपानमधल्या निगाता प्रांतातला यामाकोशीचा डोंगराळ भाग. तिथे भातखाचरांच्या पाण्यात पाळलेल्या साध्या कार्पमधून एकोणिसाव्या शतकात हे रंग निवडले गेले. हिवाळ्यात तिथे घरं बर्फात बुडतात. अशा थंड मुलखासाठी लिहिलेलं औषधाचं वेळापत्रक पुण्या-नागपुरात जसंच्या तसं वापरलं तर दोन डोसांच्या मध्ये इकची अख्खी पिढी निसटते.

मीठ वाईट नाही, त्याचं प्रमाण चुकतं. लिटरला तीन ग्रॅम, म्हणजे हजार लिटरला तीन किलो खडे मीठ, एक-दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने. ते थेराँटना जड जातं आणि माशालाही आधार देतं: कातडीला भोकं पडली की गोडं पाणी आत शिरतं, शरीरातले क्षार बाहेर जातात, खाऱ्या पाण्यात हा फरक कमी होतो. पण वीस हजार लिटरच्या हौदाला साठ किलो मीठ लागेल आणि त्यातली कमळं जातील. मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिनची जोडी परिणामकारक असली तरी त्यातलं पहिलं खाण्याच्या माशांसाठी निषिद्ध आहे आणि दुसऱ्यामुळे पाण्यातला प्राणवायू घटतो. एवढ्या मोठ्या हौदात हा खेळ करायचा नसतो. त्याची जागा वेगळी टाकी आहे.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. मासा मेला की ‘घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं’ असं सांगणारे लोक आहेत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा मासा आणून सोडायचा सल्लाही तेच देतात. मासा कोणाचं संकट घेत नाही, तो गुदमरून मरतो. कल्ल्यांवर इक बसला की श्वास कोंडतो. आणि घाईने आणलेला तो नवा मासा थेराँटच्या तोंडी ताजं भक्ष्य म्हणून जातो किंवा स्वतः नवा रोग घेऊन येतो. या समजुतीची किंमत मासे मोजतात, म्हणून मला तिचा राग येतो.

विलगीकरण हा शब्द 2020 नंतर कोणाला समजावून सांगायला नको. हजार लिटरची झाकण असलेली टाकी, हवेचा पंप, आणि जुन्या हौदाच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू पहिल्या दिवसापासून कामाला लागतात. जाळी आणि बादली वेगळी. वापरून झाली की उन्हात खडखडीत वाळवायची, कोरडेपणात इक टिकत नाही. नव्या माशाचा इथला मुक्काम तीन ते चार आठवडे. पंचवीस अंशांना तेवढ्यात इकच्या चार-पाच फेऱ्या होतात, लपलेला असेल तर दिसतोच. थंडीत पाणी उतरू नये म्हणून हीटर लावावा, त्याला आणखी एक कारण आहे. कोई हर्पीस विषाणू साधारण अठरा ते अठ्ठावीस अंशांतच रोग दाखवतो आणि त्यावर औषध नाही. 2003 साली जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात त्याने हजार टनांहून जास्त कार्प मारले. त्वचेवरचे आणि कल्ल्यांवरचे चपटे कृमी, अँकर वर्म हा कातडीत रुतून बसणारा परजीवी, माशांच्या उवा (या इकहून वेगळ्या) यांचा शोधही याच काळात घ्यायचा. उवा नुसत्या डोळ्यांना दिसतात, चपट्या कृमींसाठी श्लेष्माचा ठसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

मित्राचे चार मासे वाचले, ते कसे हेही पाहण्यासारखं आहे. इकच्या अंगावर विशिष्ट प्रथिनं असतात. एकदा आजारातून उठलेल्या माशाच्या श्लेष्मात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती थेराँटच्या पक्ष्माभिकांना चिकटतात आणि त्याचं पोहणं बंद पाडतात. कातडीत शिरलेले ट्रोफाँटसुद्धा पोट भरायच्या आत बाहेर पडतात. असा मासा महिनोन्‌महिने निरोगी दिसतो, पण एखाददुसरा इक त्याच्यावर तग धरून राहू शकतो. त्यामुळे त्या हौदात आता धोका दोन्ही बाजूंनी आहे. नवा मासा स्वच्छ असला तरी जुन्यांकडून त्याला लागण होऊ शकते.

म्हणून मित्राला सांगितलं आहे की पुढचा मासा आणलास तर विलगीकरणाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत हौदातला एक जुना मासा त्याच्या टाकीत सोड आणि रोज सकाळी दोघांच्या परांकडे उजेडात बघ.