बियाण्याचा भोपळा वेलावरच राहू द्या

दोडका, भेंडी, काकडी, वांगं आपण खातो ते कोवळं. त्या वेळी आतल्या बीमध्ये अंकुराची शिदोरी पुरती भरलेली नसते. बी धरायचं तर फळ झाडावरच पिकू द्यावं लागतं. भेंडी वाळून शिरांवर तडकू लागते, वांगं पिवळं पडतं, दोडका हलवला की खुळखुळतो, तेव्हा बी तयार. आणि असं फळ हंगामाच्या शेवटी उरलेलं नको. निरोगी, जोमदार झाडावरचं, सुरुवातीच्या बहरातलंच राखावं.

पण पुढच्या वर्षी काय उगवणार, हे त्याच्याही आधी फुलात ठरतं. वाल, चवळी, टोमॅटो यांचं परागण बहुतेक वेळा त्याच फुलातल्या परागांनी होतं, त्यामुळे बी आईच्या वळणावर जातं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावरान वाण जपले आणि त्या कामासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. इतके वाण वेगवेगळे टिकले यात त्यांची चिकाटी मोठी, पण वालाच्या फुलाचा हा स्वभावही मदतीला आला.

वेलवर्गीय भाज्यांचं तसं नाही. नर आणि मादी फुलं वेगळी, पराग नेणार मधमाशी, आणि ती शेजारच्या परसातूनही येते. लाल भोपळ्याचं शुद्ध बी हवं असेल तर दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या दोन्ही कळ्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधाव्यात. मादी कळीच्या मागे इवलासा भोपळा असतो, त्यावरून ती ओळखता येते. पहाटे नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादीच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधोमध असलेल्या पराग धरणाऱ्या टोकावर, हलकेच फिरवायचे, फूल पुन्हा बांधायचं आणि देठाला खुणेचा दोरा लावायचा. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून तिथे कळ्या दुपारी बांधाव्या लागतात. हे काम मला फार आवडतं. फूल इतक्या जवळून एरवी कोण बघतं?

संकरित बियाण्याच्या झाडाचं बी मात्र धरण्यात अर्थ नाही. दोन वेगळ्या आईबापांचे गुण त्यात एकत्र आलेले असतात. पुढच्या पिढीत ते पुन्हा विखुरतात आणि झाडागणिक फळ निराळं निघतं.

टोमॅटोच्या बीभोवतीचा बुळबुळीत थर ओल्या फळात बी रुजू देत नाही. गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवला की तो सुटतो. मग बी धुऊन सावलीत वाळवायचं.

वाळवण्यात कधीच घाई करू नये. बियाण्यांचे अभ्यासक हॅरिंग्टन यांचा ठोकताळा सांगतो की बीमधला ओलावा एक टक्क्याने उतरला की तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी कमी केलं तरी तसंच. वालाच्या बियांना राख चोळायची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. राख ओल शोषते आणि दाण्यांना लागणाऱ्या भुंग्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते, त्यामुळे तो सुकून मरतो. एक अडचण उरते. भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि अळी बीच्या आत शिरून घरात येते. म्हणून साठवलेला वाल अधूनमधून उघडून, भोकं पडलेले दाणे काढून टाकावेत.

पेरणीआधी मे महिन्यात दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. सात-आठ रुजल्या तर नेहमीसारखं पेरा, चार-पाचच रुजल्या तर दाट पेरा. टोमॅटोचं बी नीट ठेवलं तर चार वर्षंही चालतं. कांद्याचं मात्र दरवर्षी नवं धरावं.